रेजिना टीचरच्या पडवीतलं विज्ञान

रेजिना टीचरनी मला पहिल्यांदा गाठलं ते विरार स्टेशनबाहेर. गाठलं म्हणजे अक्षरशः दंडाला धरून थांबवलं. सूर्यग्रहणाच्या भीतीविरुद्ध आम्ही काही पोरांनी एक पत्रक काढलं होतं आणि ते मी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातात कोंबत होतो. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील युनियनचे. त्यामुळे छापलेलं पत्रक म्हणजे सत्य, अशी माझी पक्की समजूत होती.

“हे चित्र कुणी काढलं?” त्यांनी विचारलं.

“आमच्याच एकाने. का?”

“वर लिहिलंय सूर्यग्रहण. चित्रात पृथ्वी मध्ये उभी. हे चंद्रग्रहण झालं.”

मी जरा गुश्शात म्हणालो, “बाई, मुद्दा लोकांच्या भीतीचा आहे. चित्राचा नाही.”

“मुद्दा पाहण्याचा आहे. एक दिवा, एक संत्रं, एक लिंबू घेऊन पाच मिनिटं बसला असतात तर कळलं असतं. तुम्हीही न पाहता सांगणार आणि ग्रहणाचं दान मागणाराही न पाहता सांगणार. मग लोकांनी तुमचंच का ऐकायचं?”

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातला अर्धा गठ्ठा काढून घेतला. मला वाटलं फाडणार. त्या म्हणाल्या, “पाठ कोरी आहे. माझ्या मुलीला लिहायला होईल,” आणि गठ्ठा पिशवीत टाकून वटारच्या बसकडे चालू लागल्या. वर मागे वळून बजावलं, “उरलेली वाटू नकोस. घरी आणून दे.”

मी खरंच नेऊन दिली. त्यानंतर चार-पाच वर्षं, प्रत्येक नव्या पत्रकाचा उरलेला गठ्ठा घेऊन, जात राहिलो.

वटारला केळीच्या वाडीत त्यांचं कौलारू घर. पुढे लांब पडवी. नवरा आखातात नोकरीला, वर्षातून एकदा येणारा. घरात टीचर, त्यांची सासू आणि मुलगी रोशनी. घरातली बोली वेगळी, गावाची, जुनी. माझ्याशी बोलताना त्या शाळेतलं मराठी बोलत, म्हणून मी सगळंच तसं लिहितो आहे. अंगाने किरकोळ, चालणं भरभर, गळ्यात बारीक चेनमध्ये क्रूस आणि उन्हाळा-हिवाळा काखेत काळी छत्री. कुणीही काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे: “पाहिलंस का?” फादरांनी प्रवचनात मधमाशीचा दाखला दिला, तर चर्चमधली मिस्सा संपल्यावर त्यांनाही हाच प्रश्न. येशू उठल्याचं स्वतः पाहिल्याशिवाय न मानणाऱ्या शिष्याची आठवण काढून फादर हसून म्हणायचे, “रेजिना, तू थॉमसच्या वंशातली.” टीचर म्हणायच्या, “थॉमसला निदान जखमेवर बोट ठेवू दिलं होतं, फादर.”

त्यांना टीचर म्हणत, पण मी ओळखू लागलो तेव्हा त्या कुठेच शिकवत नव्हत्या. विरारच्या एका खासगी शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि रोशनी त्याच शाळेत पाचवीत होती. एका सकाळी प्रार्थनेला उभी असताना तिला फिट आली. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला, सगळ्या शाळेसमोर. कुणीतरी नाकाला चप्पल लावली. टीचर धावत जाऊन तिला कुशीवर वळवेपर्यंत मुलांच्या रांगा मोडल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांना ऑफिसात बोलावून सांगण्यात आलं की मुलीला काही दिवस घरी ठेवा, बाकीची मुलं घाबरतात, पालक तक्रार करतात. काही दिवस म्हणजे किती, ते कुणी सांगेना. टीचरनी विचारलं, “घाबरलेल्या मुलांना मी तासाला समजावून सांगू का, मेंदूत नेमकं काय होतं ते?” उत्तर आलं, “टीचर, सिलॅबसमध्ये नाही.”

त्यांनी राजीनामा दिला. मुलीला हाकललं त्या इमारतीत आपण हजेरी घ्यायची, हे त्यांना जमणारं नव्हतं. मला हा राजीनामा तेव्हाही थोर वाटला आणि आजही वाटतो. पण त्याचं ओझं कुणी वाहिलं, हे मला फार उशिरा कळलं.

तर पडवीत शिकणं सुरू झालं. शाळा म्हटलेलं त्यांना खपत नसे. भाषा, गणित जुन्या पुस्तकांवर चाले. विज्ञानासाठी मात्र त्या विरारला सायबर कॅफेत जात. परदेशात पुष्कळ आईबाप मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात आणि त्यांच्यासाठी इंटरनेटवर धडे, प्रयोग, प्रश्नोत्तरं असं सगळं फुकट ठेवलेलं असतं, हे त्यांना तिथेच कळलं. एका आईने अशा घरांसाठी चालवलेली एक साइट त्यांची आवडती होती. दर आठवड्याला एक प्रयोग आणि खाली चर्चेचा फळा. त्यावर जगभरच्या आया आपापल्या मुलांची निरीक्षणं लिहायच्या.

कॅफेत शेजारच्या खुर्च्यांवर पोरं गोळीबाराचे खेळ खेळत असायची. टीचर चित्रं बंद करून नुसता मजकूर उघडायच्या, कारण एक चित्र वरून खाली उतरेपर्यंत वेळ निघून जाई. मग मजकूर फ्लॉपीत घ्यायचा. कॅफेवाला शेट्टी त्यांची थट्टा करी, “टीचर, एवढं डाउनलोड करता, अमेरिकेला जायचंय का?”

“अमेरिकेला इथे आणायचंय. तुमची लाइट गेली नाही तर.”

लाइट जायचीच. अर्धं पान उतरलेलं असताना स्क्रीन काळी पडायची. टीचर न चिडता छत्री उचलायच्या. राहिलेला अर्धा प्रयोग घरी जाऊन स्वतः रचायच्या. रोशनीला सांगायच्या, “पुढचं त्यांना काय दिसलं ते माहीत नाही. आपल्याला काय दिसतं ते बघू.”

त्या धड्यांतलं सगळं सामान तिकडचं. लाल कोबी आणा. मेपलची पानं आणा. अंगणातला बर्फ आणा. टीचरनी त्याला वटारचा पर्याय शोधला. कोबीऐवजी जास्वंद. मेपलऐवजी बदामाची लाल झालेली पानं. आणि बर्फ अर्नाळ्याहून मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या मावशीकडून. ती मावशी वैतागायची.

“टीचर, सगला बरफ तू घेतला न् त्याचं पानी झालं, त माझं मावरं काय तुझ्या पुस्तकान ठेवू?”

“मूठभर दे गं. पोरीला दाखवायचंय, पाणी होताना ते किती थंड राहतं.”

“पानी होतं त्यात दाखवाचं काय? माझ्या टोपलीत रोज होतंय.”

रोशनी नाक धरून थर्मामीटर बुडवायची. “मम्मी, ह्या विज्ञानाला बोंबलाचा वास येतो.” तिघी हसायच्या. सासू आतून ओरडायची, “हसा! लोक म्हणतात रेजिना आणि पोरगी, दोघींना बाहेरचं लागलंय.” त्या घरातलं हसू मला आठवतं ते एवढंच. बाकी पडवीवर एक शांतता असे. दुपारी रस्त्यावरून शाळा सुटलेल्या मुली घोळक्याने जायच्या, तेव्हा रोशनी हातातलं काम थांबवून बघत बसायची. टीचर तिच्यापुढे नवीन काहीतरी ठेवायच्या. आमच्या पत्रकांच्या गठ्ठ्यातला एक कागद ओढायच्या. त्याच्या एका बाजूला ‘डोनेशन घेणाऱ्या शाळांना जाब विचारा’ आणि दुसऱ्या बाजूला रोशनीने काढलेला पानाचा उभा छेद.

एकदा जूचंद्रहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलाला ऐकू कमी येई आणि शाळेत तो मागे पडला होता. टीचरनी त्याला भिंगातून मिठाचे खडे दाखवले. पोरगा तासभर हलला नाही. बाप ओट्याच्या कडेवर बसून बघत होता. शेवटी हळूच म्हणाला, “टीचर, तुम्ही लय झ्याक शिकवता. पन सर्टिफिकिट मिलंल का?”

“नाही.”

“मंग त्याला पुढं कुठं कोन घेल?”

टीचर म्हणाल्या, “माहीत नाही.” खोटं आश्वासन त्यांना देता येत नसे. ते दोघे परत आले नाहीत. त्या संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, “साइटवरच्या बायका लिहितात, आम्ही मुलांना शाळेतून काढलं. आमची निवड. मी वाचते आणि मला वाटतं, आपल्याकडे कुणी निवडलंय? आपल्या मुलांना ढकललंय. शब्द तोच, गोष्ट तीच नाही.”

आमच्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढं खरं वाक्य नव्हतं.

आता सावलीची गोष्ट. साइटवर एक लांबलचक प्रयोग आला. अंगणात काठी उभी रोवा आणि वर्षभर दर आठवड्याला भरदुपारची सर्वांत छोटी सावली मोजा. वेलाच्या मांडवातली एक सरळ काठी निघाली. दोऱ्याला दगड बांधून ती ओळंब्यात रोवली. रोशनी तेव्हा बारा वर्षांची होती. औषधं सुरू होती, फिट कमी झाल्या होत्या, पण थांबल्या नव्हत्या. तरी तिने एकही रविवार चुकवला नाही.

धड्यात ठळक लिहिलं होतं: भरदुपारी सावली नेहमी उत्तरेकडे पडते, सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. इथल्या पुस्तकांत आणि सगळ्यांच्या बोलण्यात याच्या उलट: बाराला सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली. रोशनीची काठी दोघांनाही जुमानेना. हिवाळाभर सावली लांबलचक उत्तरेला. पुढे आखडत आखडत मे महिन्याच्या मध्याला, साडेबारा उलटल्यावर, ती नाहीशीच झाली. मी त्या दिवशी तिथे होतो. उन्हात उभी काठी आणि तिला सावली नाही. रोशनीने काठीभोवती हात फिरवून पाहिला, जणू सावली कुणी उचलून नेली असेल. दोन आठवड्यांनी सावली परत आली ती दुसऱ्या बाजूला. दक्षिणेला. आखूड, बोटभर.

“मम्मी, ही चुकली.”

“सावली कशी चुकेल? पाहिलंस ते लिही.”

रोशनीने लिहिलं. टीचरनी त्याचं इंग्रजी करून चर्चेच्या फळ्यावर टाकलं. मला वाटतं, त्या मुलीने बाहेरच्या जगाशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. उत्तर यायला आठवडा लागला. गोड शब्दांत होतं. प्रयत्न छान आहे, पण तुमच्या होकायंत्राचं उत्तर टोक तुम्ही उलटं धरलेलं दिसतं, पुन्हा तपासा.

टीचरनी त्यांना सविस्तर लिहिलं की आम्ही कर्कवृत्ताच्या अलीकडे राहतो, आमच्याकडे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो आणि मधले आठवडे तो आमच्या उत्तरेला असतो. त्यावर उत्तर आलंच नाही. टीचरना त्याचं विशेष वाटलं नाही. त्या उलट खूश होत्या. “तिकडचं पुस्तक तिकडच्या अंगणात लिहिलंय. इकडचं पुस्तक तर अंगणातच लिहिलेलं नाही. आपलं आपण पाहिलं.” पण रोशनी दोन दिवस काठीजवळ गेली नाही. नंतर मला म्हणाली, “दादा, खरं सांगितलं की लोक गप्प होतात, नाही?”

मी तिला जोरात सांगितलं की खरं सांगणाऱ्यांनीच जग बदललं. तेरा वर्षांची होत आलेली, एकही मैत्रीण नसलेली मुलगी माझ्या भाषणाचं काय करणार होती?

पुढच्या उन्हाळ्यात रोशनीने जेवताना सांगून टाकलं की मला शाळेत जायचं आहे. टीचर नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी शाळा शोधायला सुरुवात केली. दोन ठिकाणी फिटचं नाव काढताच खुर्ची मागे सरकली. सासूने सुचवलं, “सांगूच नका. गोळ्या चालू आहेत ना?” टीचर म्हणाल्या, “तिला वर्गात फिट आली आणि कुणाला माहीतच नसलं तर? मी सांगणार.” तिसऱ्या शाळेने जूनच्या सुरुवातीला तोंडी परीक्षेला बोलावलं. टीचर मलाही म्हणाल्या, “चल. नाही म्हणाले तर लेखी मागायचं. तुला अर्ज लिहिता येतात.”

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. वाईट असते तर मला पत्रक काढता आलं असतं. त्यांनी रोशनीला बसायला सांगितलं, पाणी दिलं, घाबरू नकोस म्हणाले. टीचरनी आजाराचं सगळं सांगितलं, ते त्यांनी नीट ऐकलं. मग गणितं विचारली, धडा वाचून घेतला. रोशनीने सगळं बरोबर सांगितलं. ते मनापासून खूश होऊन म्हणाले, “घरी बसूनही छान तयारी केलीय. आता एक सोपा विज्ञानाचा. भरदुपारी बारा वाजता आपली सावली कुठे असते?”

मी दाराशी उभा होतो. मी टीचरकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. त्या क्षणी त्यांना वाटलं असणार की जगाने अखेर बरोबर प्रश्न विचारला. बाहेर मैदानात कडक ऊन होतं.

रोशनीने खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं. मग मुख्याध्यापकांकडे पाहून ती म्हणाली, “पायाखाली, सर.”

“शाब्बास!”

छत्रीच्या मुठीवरची टीचरची बोटं घट्ट झाली. मुख्याध्यापकांनी सही करताना एकच अट घातली. शाळा चालू असेल तोवर आईने फाटकाबाहेर बसायचं, म्हणजे मुलीला काही झालं तर शाळेवर येणार नाही. “तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, समजून घ्याल.” टीचर म्हणाल्या, “बसेन.”

परतताना आम्ही वटारची बस पकडली. मग टीचरनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, “रोशनी, आज सावली कुठे असेल?”

“दक्षिणेला. थोडीशी.”

“मग?”

“सरांना दक्षिण नको होती, मम्मी.”

“तुला माहीत होतं, तरी...”

“मला शाळेत जायचंय,” रोशनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. “मला बाकावर बाजूला कुणीतरी हवंय. मला तुझ्याशिवाय कुणीतरी हवंय.”

टीचर खिडकीबाहेर बघू लागल्या. मला त्या मुलीचा संताप यायला हवा होता. खोटं बोलून प्रवेश मिळवणाऱ्यांवर मी पानंच्या पानं लिहिली होती. पण मला तिचा राग आला नाही. शाळेचा आला, साइटवरच्या त्या फळ्याचा आला, अशा सगळ्या दुनियेचा आला, जिच्या दारात आत शिरताना पोरीला डोळ्यांनी पाहिलेलं बाहेर ठेवावं लागतं. आणि टीचरचा? टीचरनी काय चूक केली होती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्यांनी तिला पाहायला शिकवलं होतं. पाहिलेलं सांगायला कुणी सोबती लागतो, तो त्या आणू शकल्या नाहीत. तो कुठल्याच साइटवर मिळत नव्हता.

पडवीतलं सामान हळूहळू आवरलं गेलं. भिंग, थर्मामीटर एका डब्यात गेले. काठीवर सासूने काकडीचा वेल चढवला. टीचर कॅफेत जायच्या बंद झाल्या. शेट्टीने मला विचारलं, “टीचर अमेरिकेला गेल्या काय?” मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

त्या रोज सकाळी रोशनीबरोबर शाळेत येत आणि फाटकाजवळ शिपायाने दिलेल्या स्टुलावर बसत. मांडीवर वाल सोलायला किंवा ओवायला मोगरा. आतल्या वर्गात विज्ञानाचा तास चाले, तो बाहेर ऐकू येई. शिक्षक एक वाक्य सांगत, मुली सगळ्या मिळून म्हणत. मी एकदा टीचरना विचारलं, “चुकीचं ऐकू आलं तर काय करता?”

“फुलं ओवते,” त्या म्हणाल्या.

रोशनीला शाळेत फिट आली. एकदा नाही, दोनदा. शाळेने तिला काढलं नाही, हे खरं. शिपाई धावत यायचा, टीचर आत जायच्या, तिला कुशीवर वळवायच्या, डोक्याखाली ओढणी ठेवायच्या. तोवर वर्ग रिकामा केलेला असायचा. दुसऱ्या वेळी मात्र शेजारच्या बाकावरची एक मुलगी बाहेर जायला तयार झाली नाही. ती रोशनीची पायातून निसटलेली चप्पल हातात धरून कोपऱ्यात उभी राहिली. हे मला टीचरनी सांगितलं आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मुलीच्या आजारावर त्या माझ्यासमोर कधी रडल्या नव्हत्या.

पुढे मी नोकरीसाठी विरार सोडलं. जाण्याआधी भेटावं म्हणून एका संध्याकाळी शाळेकडे गेलो. घंटा झाली. मुलींचा लोंढा फाटकातून बाहेर पडला, सगळ्यांचा एकच गणवेश, एकसारख्या लाल रिबिनींच्या वेण्या. टीचर स्टुलावरून उठल्या. त्यांनी दप्तर घ्यायला हात पुढे केला. रोशनी चार मुलींबरोबर काहीतरी जोरजोरात बोलत आली. तिने आईकडे पाहिलं आणि हाताचा पंजा कमरेपाशी किंचित हलवला. मागे राहा, असा. टीचरनी हात मागे घेतला.

मग मुली रस्त्याला लागल्या, हसत, एकमेकींना ढकलत. त्यांच्यामागे, कुणाला बरोबरची वाटू नये इतकं अंतर ठेवून, आणि मुलगी पडलीच तर धावता येईल इतक्याच अंतरावर, टीचर चालत होत्या. मी हाक मारणार होतो. पण त्यांची नजर त्या पाच वेण्यांवरून हटत नव्हती, म्हणून मारली नाही.